मागच्या अंगणातली वाढीव खोली

चष्मेवाल्यांनी अर्जात खरं कारण लिहिलं असतं, तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण माणसाला अब्रू असते, आणि ती नेमकी नको तिथे आठवते. 'वाढीव खोलीची गरज का?' या प्रश्नापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला, 'कौटुंबिक'.

खरं कारण असं की चष्मेवाले घोरायचे. निदान त्यांच्या बायकोचं तसं म्हणणं होतं. त्यांनी स्वतः ते कधी ऐकलेलं नसल्यामुळे (आणि ऐकणार तरी कसं?) त्यांचा त्यावर पुरता विश्वास नव्हता. बायकोचा मात्र स्वतःच्या कानांवर होता. एक तर यांची झोपायची खोली वेगळी होईल, नाहीतर आपण बहिणीकडे कायमच्या राहायला जाऊ, असं तिनं शांतपणे सांगून टाकलं होतं. ती शांतपणे बोलली की ते खरं करून दाखवायची, हे चष्मेवाल्यांना ठाऊक होतं.

खोलीला जागा एकच, घरामागची. आणि तिथेच नियम आडवा आला. गल्ली जुनी, सगळी घरं एका ओळीत, एका उंचीची, मागे सारखंच अंगण सोडलेलं. गल्लीचं रूप बिघडू नये म्हणून त्या अंगणात काही बांधायला बंदी. सूट मिळायची, पण त्यासाठी अडचण खरी आहे हे पटवून द्यावं लागे, आणि शेजाऱ्यांच्या हरकतीही ऐकल्या जात.

'कौटुंबिक' म्हटल्यावर गल्लीला कुठली चैन पडायला! समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाडेकरू ठेवणार. शेजारचे रिटायर्ड मास्तर म्हणाले, छे, क्लास काढणार. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तर घरात दोन चुली होणार असं जाहीरच केलं. दुकानात नंबर तपासायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा अक्षरं वाचता वाचता मधेच विचारायची, खोली कशाला हो? चष्मेवाले म्हणायचे, "खालची ओळ वाचा."

उत्तर मिळेना म्हणून लोकांनी हरकती ठोकून दिल्या. नगररचना खात्याच्या बाई एका दुपारी पाहणीला आल्या, तर अर्धी गल्ली आधीच अंगणात हजर. बाईंनी टेप गुंडाळली आणि स्पष्टच सांगितलं, 'कौटुंबिक' म्हणजे काय ते कळल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.

"अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?" बायको म्हणाली. अगदी शांतपणे.

"मी घोरतो," चष्मेवाले जमिनीकडे बघत पुटपुटले. "म्हणजे, असं ही म्हणते."

कोणी हसलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. बाई म्हणाल्या, नुसतं 'म्हणते' चालत नाही, मला खात्री करून घ्यावी लागते. झालं. चष्मेवाले आतल्या पलंगावर आडवे झाले. बाई खुर्चीत बसल्या. गल्ली खिडकीशी दाटीवाटीनं उभी राहिली. एरवी न्हाव्याच्या खुर्चीत डुलक्या काढणारा हा माणूस, पण आज डोळा लागेल तर शपथ. शेवटी बहिणीच्या घराचा रस्ता डोळ्यांपुढे आला, आणि त्यांनी लबाडी करून एक घुर्रर्र काढलं.

"हे नव्हे," खिडकीतून मास्तर म्हणाले. "खरं ते फार खालून सुरू होतं."

"आणि मधेच थांबतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपला जीव टांगणीला, की गेले की काय. मग शीळ येते."

मास्तरांनी ते करून दाखवलं. शीळ डॉक्टरीणबाईंनी घातली. चष्मेवाले उठून बसले. लाज कुठल्या कुठे गेली. जन्मात पहिल्यांदाच ते स्वतःला ऐकत होते, आणि ऐकण्यासारखं होतं हे त्यांना कबूल करावं लागलं.

"शिळेच्या पुढे काही आहे का?" त्यांनी उत्सुकतेनं विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाले, "पण ते मला जमत नाही."

हरकती जागच्या जागी मागे घेतल्या गेल्या. एवढंच नव्हे, गल्लीनं मागण्या सुरू केल्या. भिंती जाड घ्या. खोली आणखी मागे सरकवा. खिडकी मुळीच नको, हवेला वर एक झरोका पुरे. शेजाऱ्यांनी बांधकाम वाढवून मागितल्याचं बाईंनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या रूपाचं काय, त्यांनी विचारलं. रूपाचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही आवाजाचं बघा, असं सगळ्यांचं एकमुखी उत्तर आलं.

पण बाईंनी मान हलवली. माणूस राहणार तर खिडकी हवीच, नियमच तसा. बायकोचा चेहरा पडला आणि ती आत बॅग भरायला वळली. चष्मेवाले तिची वाट अडवून दारात उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि काहीतरी मार्ग काढते म्हणून त्या गेल्या.

मार्ग निघाला. मंजूर नकाशा घरी आला तेव्हा चष्मेवाल्यांनी तो खिडकीपाशी धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. जाड भिंती होत्या, झरोका होता, खिडकी नव्हती. आणि त्यांच्या झोपायच्या खोलीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अडगळ'.

बायकोनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"बाई हुशार हो," ती म्हणाली. "एकदाच बघून गेल्या, पण बरोब्बर ओळखलं."