नारो त्रिमळाच्या कोऱ्या रुपयांची बखर

श्रीसत्य प्रसन्न असो. शके सोळाशें चाळीस, विलंबीनाम संवत्सरीं, आश्विन मासीं जें घडलें तें येथें लिहिलें असे. गोड लिहावें ऐसी आज्ञा होती, परंतु लिहिणारास संताप आवरला नाहीं, सबब जैसें उमटलें तैसें ठेविलें.

कोणे एके राज्यीं घाटमाथ्याचे किल्ल्यास गनिमानें वेढा घातला आणि गडावरील लोक झाडपाला खाऊन लढले, आणि पावसाळा लोटला आणि गनीम उठोन गेला. मग महाराज संतोषले आणि वेढ्याचे स्मरणार्थ शुद्ध चांदीचे रुपये पाडविले. एके अंगीं गडाचा दरवाजा, दुसरे अंगीं छत्र. आणि आज्ञा केली कीं, जो लढला त्यास एक, जो पडला त्याचे घरीं एक, आणि ज्याचे घरीं हा रुपया त्यास दसऱ्याचे पंगतींत पहिलें पान. वांटणीचें काम खजिन्याचे अधिकारी नारो त्रिमळ पोतनीस यांजकडे दिलें आणि पंतांनीं कांहीं दिवसांनीं ‘वांटणी पावली’ म्हणोन दरबारीं कळविलें. परंतु हैबती घुले गडावर पडला, त्याचे घरीं रुपया आला नाहीं. मग गांव बोलूं लागला, रुपया नाहीं त्या अर्थी गडी पळाला असेल. आणि त्याची बायको भिवराबाई बारा दसरे पंगतीबाहेर, गोठ्याचे कडेस जेवली. वाढणारे गांवचे पाटील पान टाकितां तिजकडे पाहतही नसत.

इकडे नारोपंत मोठे शौकीन. राज्याभिषेकाचे, लग्नाचे, विजयाचे, जितके म्हणोन स्मरणाचे रुपये पाडिले तितके त्यांचे संग्रहीं, आणि तेही कोरे. झिजका रुपया पाहिला म्हणजे पंतांस शिसारी येई. कोऱ्यास हात लावणें नाहीं, हस्तिदंती चिमट्यानें उचलावा आणि रेशमांत निजवावा. स्वतःचे आईसही त्यांनीं इतकें जपलें नाहीं. मग महाराजांस संग्रह दाखवावा ऐसें मनीं आलें आणि कोऱ्याची झळाळी उठोन दिसावी म्हणोन शेजारीं ठेवावयास एक झिजका हवा जाहला. तेव्हां हैबतीचा भाऊ मानाजी घुले, वेढ्यांत लढलेला, त्याजकडे माणूस धाडिलें. मानाजीचा रुपया एरवीं गळ्यांत. बाळंतिणीचे उशास तोच, लग्नाचे कलशांत तोच. दरवाजा आणि छत्र दोन्हीं झिजोन नुसती चकती राहिली होती. मानाजी बोलिला, “रुपया येईल तर माझ्यासंगं येईल.” आणि भिवराबाई बोलली, “भावजी, मीबी येते. महाराजांस्नी एकच इचारायचं हाय.”

मग महाराज आले, आणि पंतांनीं चौरंगावरील रेशीम दूर केलें आणि म्हणाले, “महाराज, हा झिजका पाहावा, सुपारीची खाप जैसी! आणि त्याच वेढ्याचे हे चाळीस पाहावे. टांकसाळेंतून निघाले तैसे आहेत. मनुष्याचें बोट म्हणोन लागलें नाहीं!” आणि दरबारी लोक वाहवा करूं लागले.

तेव्हां भिवराबाई पुढें जाहली. “बोट लागलं न्हाई, म्हंजी कुणाला दिलंच न्हाईत! महाराज, पडल्याल्याच्या घरी एक धाडा म्हणाला व्हता तुम्ही. ह्यातला माझ्या धन्याचा कंचा?”

परंतु नारोपंतांस लाज ठाऊक असेल तर ना! बोलिले, “बाई, तुम्हांस दिले असते तर झिजवून टाकिले असते. मीं राखिले म्हणोन राहिले.” आणि पंतांचे घरचें तूप खाणारा शास्त्री मान डोलवून म्हणाला, “युक्त आहे.” लिहिणाराची लेखणी येथें मोडली, दुसरी घेतली. महाराजांस वाईट वाटलें आणि म्हणाले, “पंत, यांतला एक बाईस द्यावा.” तों पंतांनीं पाय धरिले. “महाराज, एक काढिला तर संच मोडेल!” आणि जे महाराज गनिमापुढें डगमगले नाहींत ते संचापुढें डगमगले आणि म्हणाले, “विचार करूं.”

बाईनें बारा वर्षें वाटच पाहिली होती. चार पावलें टाकोन चौरंगाशीं गेली आणि घामेजला अंगठा पहिल्या रुपयावर दाबोन घासला. पंत किंचाळले, “बाटला! आतां तो कवडीचा! न्या तो माझ्यापुढून!” मग बाई समजली, आणि जोंधळा वाळत घालावा तैसे दोन्हीं तळवे चाळिसांवरून फिरविले आणि म्हणाली, “घ्या, समदंच बाटलं. आता तरी ज्याचं त्याच्या घरी धाडा.”

मग रुपये घरोघरीं पोंचते जाहले. पंतांस शिक्षा जाहली नाहीं. संच मोडला, त्यांचें दुःख हलकें व्हावें म्हणोन पालखी मिळाली. थुत्!

आणि दसऱ्याचे पंगतींत भिवराबाईनें पहिलें पान मांडिलें, त्यावर रुपया ठेविला, आणि आपण शेजारीं बसली. पाटील तिजपुढें भात घेऊन आले, तों बाई म्हणाली, “मला मागनं. आधी त्यांच्या पानावर वाढा, पाटील. बारा वर्सांचं उपाशी हाईत.” आणि पाटलांनीं मान खालीं घालोन वाढिलें.

एवंच, पंतांची पालखी अद्याप रस्त्यानें मिरवते, आणि भिवराबाईचे रुपयावरील दरवाजा हातोहातीं पुसत चालला आहे.