साळवे सरांचा सूर्य

लग्नात आहेर पुकारायला साळवे सरांच्या हातात माईक द्यायचा नाही, असं बेलापुरात कितीदा तरी ठरलं. तरी माईक जायचा त्यांच्याकडंच, कारण तसा खणखणीत आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. 'मामांकडून पितळी हंडा' इथपर्यंत ठीक चालायचं. मग सर नवरा-नवरीकडं वळायचे. "ह्यांच्यावानीच हायड्रोजनचे कन जुळत्यात, आन् सूर्य पेटतो! अनू फोडायचा न्हाई, जोडायचा!" पंगत खोळंबायची आणि आचारी कपाळावर हात मारायचा.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी. नव्वदच्या दशकातले दिवस ते, वीज कधी जाईल नेम नसायचा. एका लग्नात मध्येच गेली, माईक बंद, तर हा माणूस खुर्चीवर चढून ओरडतोय, "बघा! म्हनूनच म्हनतो, असा सूर्य हितं पेटवाया पायजे!" मी म्हटलं, "सर, उतरा, पडाल." छे, ऐकतील तर ना!

त्यांची लेक सुजाता एम.एस्सी. झाली आणि असा सूर्य पृथ्वीवर पेटवू बघणाऱ्या गुजरातच्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. सरांनी गावभर पेढे वाटले. त्यांच्या थोरल्या बहिणीनं मात्र पेढा परत केला. "अनूची नोकरी? स्फोट झाला म्हंजी? आई न्हाई पोरीला. बापाजवळ ऱ्हाऊ दे, हितल्या शाळंत लागंल."

सुजाताही घुटमळली. बापाला एकटं टाकून जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

सरांनी चुलीत ओलं सरपण घातलं. "आक्का, फुका." आक्का फुंकत होत्या तोवर जाळ, थांबल्या की विझला. "ह्ये तसंच हाय. पेटतं ठेवनंच अवघड, अजून कुनाला नीट जमलं न्हाई. बिघडलं तर भडकत न्हाई, इझतंय. पन जमलं ना, तर पान्यातल्या हायड्रोजनवर गावंच्या गावं उजळतील. धूर न्हाई, काय न्हाई!"

धुरानं भरलेले डोळे पुसत आक्का म्हणाल्या, "जा गं बाई, जा एकदाची."

श्रीरामपूरच्या स्टँडवर सर कंडक्टरला बजावत होते, "नीट न्या. माझी लेक सूर्य पेटवाया चाललीय!" खरं सांगते, माझीही मान ताठ झाली. आमच्या शाळेची पोरगी!

गाडी गेली. सर तिथंच उभे.

"सर, भीती वाटतेय का?"

"यंत्राची न्हाई, बाई. तिला तिथं लई आवडंल, आन् ती माघारी यायची न्हाई, त्येची वाटती."

मग धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत म्हणाले, "आन् आवडनारच. म्याच गोडी लावलीय न्हवं."