बाळारामकाका आधीच हसतात

तमाम नाट्यरसिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, घणसोली गावातले बाळारामकाका विनोद होण्याच्या आधी हसतात. यावर औषध नाही. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बसावे.

मी काकांचा भाडेकरू. वर मी, खाली त्यांचं झेरॉक्सचं दुकान. ऐरोलीच्या एका कॉलेजची मुलं ‘उलटी चप्पल’ नावाचं विनोदी मासिक काढतात, त्याच्या प्रती इथेच निघतात. कॉलेज खोली देत नाही म्हणून त्यांच्या प्रहसनाच्या तालमीही इथेच, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये. गिऱ्हाईक आधार कार्ड धरून ताटकळलं तर काका दटावतात, “थांब रं, नाटक चाललाय.”

मासिकाची संपादक प्राची. वडील साताऱ्याहून येऊन बाजारात माथाडी झालेले. यंदाच्या प्रहसनात ती नोकरीच्या मुलाखतीला जाते. साहेब विचारतो, अनुभव किती? ती म्हणते, पाच वर्षं. इथे काका फुटतात. खाडीत होडीचं इंजिन सुरू व्हावं तसं, आधी दोनदा फुरफुर, मग धडाड. ते ओसरलं की साहेब विचारतो, कसला? ती सांगते, मुलाखती देण्याचा. तोवर काका डोळे पुसून मशीनमध्ये कागद भरायला लागलेले असतात.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला सगळं सभागृह काकांकडे वळून बघत राहिलं आणि विनोद तिकडे स्टेजवर एकटाच मेला. यंदा कार्यक्रमाच्या सरांनी निरोप धाडला, त्या गृहस्थांना आणू नका. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला, मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि थेट कॉलेज गाठलं.

“हॉल तुमचा हाय,” ते सरांना म्हणाले, “हासनं माजं हाय.”

सर मुळीच तापले नाहीत. या बापडे, म्हणाले. पण एकदा जरी आधी हसलात, तर मी पडदा पाडणार आणि मुलांचं मासिकही बंद.

परतताना रिक्षात मी विचारलं, काका, जरा मागाहून हसलं तर काय बिघडतं? मग कळलं की गावच्या जत्रेच्या नाटकाला तीस वर्षं ते प्रॉम्प्टर होते. विंगेत वही घेऊन बसायचं, सगळ्यांच्या एक वाक्य पुढे राहायचं, आणि हसू आलं तर गिळायचं.

“आमची बाय पयल्या रांगंत बसायची,” ते काकूंबद्दल म्हणाले. “घरी माजी वही आयकून तिला सगला पाठ. ती आदी हासायची, मंग लोकांना कलायचा, आता हासाचा हाय. ती गेली. मंग तितं कोनी बसाया नको?”



प्रयोगाच्या दिवशी काका पहिल्या रांगेत बसले. मी शेजारी, माझ्या जबाबदारीवर. पोरांचं मासिक बुडायला नको म्हणून काकांनी रुमालाची गुंडाळी करून तोंडात कोंबली होती. ज्या माणसाने सरांना ऐकवलं, तो कान पकडलेल्या पोरासारखा बसला होता. सर विंगेत पडद्याच्या दोरीपाशी उभे.

“अनुभव किती?”

“पाच वर्षं,” प्राची म्हणाली.

काकांचे खांदे गदगदले. आवाज नाही.

“कसला?” साहेब झालेल्या मुलाने विचारलं. प्राची गप्प. त्याने पुन्हा विचारलं. ती नुसतीच पहिल्या रांगेकडे बघत राहिली. मागे चुळबुळ सुरू झाली, कुणीतरी शीळ घातली. सरांनी दोरीला हात घातला.

प्राचीने एकदा सरांकडे पाहिलं, तरातरा स्टेजच्या कडेपर्यंत आली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“काका, तो रुमाल काढा आणि आधी हसा. त्याशिवाय मला पुढचं आठवतच नाय.”