ऑर्व्हिलकाकांच्या नावाची पाच भोकं

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. यात मी लोरीनशी धडधडीत खोटं बोललोय, आणि लोरीन आमच्या गावच्या लायब्ररीत कामाला आहे, सगळ्या गावाची तिथे ये-जा. नेब्रास्कातलं गाव, काहीही लपत नाही. पण असो.

नवी रायफल घ्यायची, शनिवारी मारून बघायची आणि तिचा रिपोर्ट आमच्या नेमबाजी क्लबच्या फळ्यावर लावायचा, हा माझा उद्योग. या वेळी पाळी होती दुकानातली सगळ्यात स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, पुढची गोळी आपोआप चढते. दस्ता प्लॅस्टिकचा. चाप ओढताना आत कुणीतरी वाळू चावतंय असं वाटतं. पण किंमत बघितली की तक्रार करायला तोंड राहत नाही.

क्लबच्या मैदानावर माझ्या उजव्या हाताच्या टेबलाशी ऑर्व्हिलकाका. वय अठ्ठ्याहत्तर, चालू गुडघा एक. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची हरणाच्या शिकारीची रायफल, दर गोळीला बोल्टचा दांडा हाताने मागे ओढायचा. आणि त्यांच्या मागे, कॉफीचा कप धरून, त्यांची मुलगी लोरीन. काका दर शनिवारी नेम चुकवून घरी यायचे आणि सोमवारपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. ती वैतागली होती. तिने अट घातली होती: आज पाचपैकी तीन गोळ्या काळ्या वर्तुळात, नाहीतर रायफल मिसूरीच्या चुलतभावाला.

लाल दिवा लागला. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, आपापला निशाणाचा कागद लावायला निघाले.

"बसा काका, तुमचाही कागद मीच लावतो."

"नाव घाल रे त्याच्यावर. इथे दुसऱ्याचा कागद घरी नेऊन बायकोला दाखवणारे आहेत."

दोन्हींवर नावं घातली. वारा इतका की कागद अंगाला चिकटत होते. कसेबसे ठोकले आणि परत आलो.

हिरवा दिवा. माझी पहिली पुंगळी टणकन काकांच्या टोपीवर. दुसरी लोरीनच्या कॉफीत.

"ए बाबा, ही प्यायची आहे मला!"

तिसरीने कहर केला. काकांचं बोट चापावर आणि ती तापलेली पुंगळी कॉलरमधून सरळ आत. काकांची गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली.

"थांबू का मी?"

"तू तुझं बघ!" काका सदरा झटकत म्हणाले. मी अंग चोरून उरलेल्या दोन मारल्या. त्यांनी उरलेल्या चार.

पुन्हा लाल. मी आणि लोरीन कागद आणायला गेलो. काकांच्या नावाच्या कागदावर पाच भोकं, चार काळ्यात. लोरीनने तोंडावर हात ठेवला.

"बाबांनी मारल्या?"

मी वाकून जवळून बघितलं. भोकं बारीक, पेन्सिलीएवढी. काकांच्या गोळीचं भोक चांगलं ठसठशीत पडतं. तसली चार माझ्या नावाच्या कागदावर होती. एक काळ्यात, दोन कोपऱ्यात, एक थेट माझ्या 'ट्रॅव्हिस' या नावावर. वाऱ्याच्या गडबडीत मी कागद एकमेकांच्या जागी ठोकले होते.

"हो," मी म्हणालो. "त्यांनीच."

"आणि हा तुझा कागद?"

"स्वस्तातली आहे ना रायफल."

काकांनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला. करंगळीचं टोक एका भोकाला लावून बघितलं.

"लोरीन, ही माझी नाहीत."

"माहितीये मला."

"काय?"

"तुमच्या रायफलीची दोन भोकं आपल्या कोठाराच्या दाराला आहेत, बाबा. त्यातून वारा येतो. म्हटलं बघू, दोघांपैकी कोण आधी कबूल करतं." मग माझ्याकडे वळून, "तू नाही केलंस."

काकांनी रायफल पेटीत ठेवली, कडी लावली. "मिसूरीला फोन कर," म्हणाले.

"माझ्यामुळे झालं!" मी ओरडलोच. "पुंगळी माझी होती. अजून पाच द्या त्यांना."

"आधी भाजलंय किती ते दाखवा," म्हणत लोरीनने कॉलर ओढली आणि तशीच थांबली. भाजलं होतं नखाएवढं. पण खांदा वांग्यासारखा जांभळा. "हे कधीपासून?"

"दणका देते ती रायफल. माझे वडील सोसायचे."

"म्हणून नेम चुकतो तुमचा! चाप ओढायच्या आधीच अंग चोरताय. बोलायचं नाही का?"

मी माझी रायफल त्यांच्यापुढे सरकवली. "हिने मारून बघा. दणका नाहीच."

"हे खेळणं आहे."

"बसा गुपचूप," लोरीन म्हणाली.

पाच गोळ्या. या वेळी कागद मी एकच लावला. दोन काळ्यात, दोन बाहेर, पाचवी अगदी काठावर. काका त्या भोकाकडे बघतच राहिले.

"रेषेला शिवली की आत धरतात," लोरीन म्हणाली. "तुमच्याच क्लबचा नियम."

काकांनी नाक ओढलं. "चाप भिकार आहे. दस्ता त्याहून भिकार. लिही रिपोर्टमध्ये." पण रायफल काही परत देईनात, नुसता हात फिरवत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिपोर्ट झाला की तू विकून टाकतोस ना रे या रायफली?"

"एरवी विकतो, काका. ही नाही. तुम्ही येताय तोवर दर शनिवारी आणीन, आणि पहिल्या पाच गोळ्या तुमच्या. शब्द देतो."