विषय : पत्नी स्पष्ट मिळण्याबाबत

दहिवलीचे विष्णूपंत करमरकर एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले होते. त्यामुळे बायको गेल्याच्या नवव्या दिवशी, तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो घरात नाही असं आढळून आलं, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. विषय : पत्नी स्पष्ट मिळण्याबाबत. संदर्भ : कन्या तनया हिचा विवाह, खालापूर. अर्ज घेऊन ते कर्जतला निलेशच्या स्टुडिओत गेले. लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते.

निलेशने अर्ज दोनदा वाचला. "काका, चार हजार दोनशे फोटो हायत. मालतीकाकू कुठंतरी असणारच."

मालतीबाई सगळीकडे होत्या. अंतरपाटामागे, अक्षतांमागे, जेवणाच्या पंगतीमागे. सगळीकडे त्या एक जांभळा ढग होत्या.

"हा धूर कसला?"

"धूर नाय, काकू हायत त्या. मागचं सगळं कसं लोण्यासारखं विरघळलंय बघा! ह्याच्यासाठीच आमी एवढी महाग लेन्स घेतो. मोबाईलला जमणार नाय हे."

विष्णूपंतांनी मान डोलावली. काम चोख होतं. "पण कॅमेऱ्याला आधी सांगून ठेवता येत नाही का, की ही मुलीची आई आहे?"

"येतं की! चेहरे नोंदवायची सोय हाय. नोंदवलेला माणूस दिसला की कॅमेरा त्याची पापणीसुद्धा सोडत नाय."

"मग नोंद कोणाकोणाची झाली?"

निलेशने खणातून कागद काढला. एक, वधू. दोन, वर. तीन, वधूपिता. खाली विष्णूपंतांची सही, तारखेसह. त्या यादीला अनुसरून विष्णूपंत सर्व फोटोंत इतके स्पष्ट आले होते की कानावरचे केस मोजता यावेत.

"एक मात्र झकास आला होता," निलेश म्हणाला. "ताई तयार होत होती ना, तवा उजेड तपासायला काकूंना खुर्चीवर बसवलं. 'माझा कशाला रे?' म्हणाल्या नि हसल्या."

विष्णूपंत उठून उभे राहिले. "तोच दे."

"चाचणीचा फोटो कोण ठेवतं, काका? पुसला."

"दुसरी प्रत?"

"हाय ना सोय. ह्यात दोन कार्डं असतात, एक बिघडलं तरी दुसरं राहतं. दोन्हींवरनं पुसला." मग त्याचा आवाज उतरला. "तुमच्या फोनमध्ये बघा की. तीन लेन्सवाला हाय तुमचा."

विष्णूपंतांनी फोन उघडला. सुप्रभाताचे सूर्य. रस्त्यातले खड्डे, तक्रारीसाठी, चारही बाजूंनी. प्रत्येक महिन्याला विजेच्या मीटरचा आकडा. मीटर जिन्याखाली अंधारात होता. त्यावर उजेड पाडायला बॅटरी धरलेला एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा, बोटाला पिठाचा डाग असलेला. हात स्पष्ट होता. सत्तेचाळीस महिने तोच हात. फोन जरा वर केला असता, तर चेहराही आला असता. पण आकडा कापला गेला असता.

"हा मोठा कर," विष्णूपंत म्हणाले.

"हात?"

"उपलब्ध आहे तेवढा."

तेराव्याला हाराखाली हात होता. आलेल्यांनी त्याला नमस्कार केला. मग एकेकाने हळूच खिशातून मोबाईल काढला. विष्णूपंतांना बरं वाटलं. म्हटलं, शहाणी झाली माणसं, आपापल्या बायकोचा एखादा फोटो आहे का ते बघतायत.

ती माणसं भिंतीवरच्या हाताचा फोटो काढत होती. नीट यावा म्हणून प्रत्येकाने शेजारी उभ्या असलेल्या बायकोला सांगितलं, "तू जरा बाजूला हो गं."