अध्यक्षांच्या गुडघ्यावर पंजा

पेलिकन कोर्ट नावाच्या इमारतीत, सगळ्यांच्या सामायिक लॉण्ड्रीत एका कुत्रीने सोसायटीच्या अध्यक्षांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला आणि तिथून सगळं महाभारत सुरू झालं. फ्लोरिडातल्या या निवृत्त मंडळींच्या इमारतीत कुत्रंमांजर सोडाच, काचेच्या भांड्यात मासा ठेवायचीही मुभा नव्हती. आणि अध्यक्ष व्हर्नन हॉकिन्सन म्हणजे नियमाला जागणारा माणूस. रोज सकाळी पोहण्याच्या तलावाभोवती फेरी मारून कुणाचा टॉवेल कठड्यावर वाळत पडलाय का, ते जातीने बघणारा.

कुत्रीचं नाव टूट्सी. तिच्या मालकीणबाई रोझलिन यांनी नुकताच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. बाईंना अजिबात ऐकू येत नव्हतं. दार वाजलं, फोन आला, धुराचा अलार्म झाला, की टूट्सी त्यांना पंजा लावायची आणि आवाजाकडे घेऊन जायची.

सोसायटीच्या वकिलांनी हॉकिन्सनसाहेबांना स्पष्ट सांगितलं होतं, "अहो, ही पाळीव कुत्री नव्हे. त्या बाईंचे कान आहेत ते. कायद्याने तुम्हाला नाही म्हणताच येणार नाही. आता तिने लोकांना त्रास दिला, तर गोष्ट वेगळी."

साहेबांनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं उराशी धरलं. आणि त्रास तर होतच होता. लॉण्ड्रीत पंजा, लिफ्टपाशी पंजा, टपालपेट्यांपाशी पंजा.

"हल्ला करते, पळते, आणि वर वळून बघते, मी मागे येतोय का म्हणून!" त्यांनी शेजारच्या फ्लोरीनला सांगितलं. फ्लोरीन इमारतीत दर बुधवारी मोठमोठ्याने आकडे पुकारत बिंगो खेळवायची.

"चावली का?"

"अजून नाही. पण विचार दिसतोय तिचा."

ही हकिगत मजल्यामजल्याने चढत गेली. दुसऱ्या मजल्यावर पंजाची नखं झाली, चौथ्यावर पोचेपर्यंत दात. निम्म्या इमारतीने साहेबांच्या तक्रारीखाली सह्या ठोकल्या आणि शनिवारी सभा बोलावली गेली. सभेने त्रास झाला असं ठरवलं असतं, तर टूट्सीला इमारत सोडावी लागली असती.

शुक्रवारी सकाळी साहेब गॅसवर अंडी उकडायला ठेवून, वाऱ्यासाठी दार उघडं टाकून शब्दकोड्यात रंगले होते. एवढ्यात टूट्सी धावत आत आली, गुडघ्यावर पंजा मारला आणि थेट स्वयंपाकघरात पळाली.

"आता घरात पण?" साहेब वर्तमानपत्राची गुंडाळी करून मागे धावले, आणि दारातच थबकले. पातेलं कोरडं पडून काळं झालं होतं, अंडी फुटून भिंतीवर गेली होती, खोलीभर धूर होता, आणि छतावरच्या अलार्मचा लाल दिवा जिवाच्या आकांताने लुकलुकत होता. साहेबांना त्याचा आवाज म्हणून ऐकू येत नव्हता.

टूट्सीच्या मागोमाग रोझलिनबाई आल्या. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि एकदा अलार्मकडे, एकदा साहेबांकडे बघितलं.

"ही उगाच कुणाला पंजा लावत नाही हो," त्या साहेबांच्या समोर येऊन एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "आवाज झाला आणि माणूस जागचा हलला नाही, तरच लावते."

साहेबांना एकेक आठवलं. लॉण्ड्रीत कपड्यांचा ड्रायर थांबला होता, म्हणजे त्याची घंटी वाजली असणार. टपालपेट्यांपाशी त्यांच्याच खिशातल्या फोनवर मुलीचा फोन येऊन गेला होता. त्यांना कानकोंडं झालं.

"तुम्ही... उद्या सांगणार हे?"

बाईंनी त्यांचे ओठ वाचले. "मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही बघा. मला चाळिशीत ऐकू येईनासं झालं, तेव्हा मीही नाटकं केलीच की. चारचौघं हसली, की आपण हसायचं."

"पण मग कुत्री जाईल तुमची."

"एकटी कशी जाईल? मलाही जावं लागेल. तिच्याविना मी कशी राहू इथे?" एवढं बोलून त्या भिंतीवरचं अंडं पुसू लागल्या. साहेबांना इतकी लाज वाटली, की त्यांच्याच्याने फडकंही मागवेना.

शनिवारी सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, लिंबाच्या वड्या ठेवल्या होत्या. पहिल्या रांगेत रोझलिनबाई, पायाशी टूट्सी. साहेब उभे राहिले. "मी तक्रार मागे घेतो."

"असं कसं? आम्हीही सह्या केल्यात!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमच्या अंगावर धावून येते, ती उद्या आमच्याही येईल!"

साहेबांना ओरडणं कळलं, शब्द कळले नाहीत. पण चेहरे कळले. आपणच पेरलेली भीती होती ती, आणि खरं बोलल्याशिवाय निघणार नव्हती.

"ती अंगावर आली नाही," ते म्हणाले. "ती मला सांगत होती. मला... मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

कुणी दचकलं नाही. कुणीतरी तर वडी उचलली.

"अहो व्हर्नन, ठाऊक आहे आम्हाला!" शेजारी बसलेली फ्लोरीन त्यांच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. कुत्रीला तेवढं आम्ही सांगायचं विसरलो!"

सभागृह हसलं, आणि हसता हसताच एकेकाने सही मागे घेतली. साहेब मात्र अजून फ्लोरीनकडेच बघत होते.

"म्हणून तुम्ही बिंगोचे आकडे माझ्याच टेबलासमोर उभं राहून ओरडता?"

"मग? तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं..." अध्यक्षांचे कान लाल झाले. "मला वाटलं, तुम्हाला मी आवडतो."

फ्लोरीन हातातल्या वडीकडे बघत काहीतरी पुटपुटली. पहिल्या रांगेतून वळून बसलेल्या रोझलिनबाईंनी तिचे ओठ वाचले आणि त्या एकट्याच खळखळून हसल्या.

हॉकिन्सनसाहेबांनी आजवर असे किती शब्द नुसती मान डोलावून सोडून दिले होते. या वेळी ते खाली वाकले, कानामागे हात धरला आणि भर सभेत म्हणाले, "मला ऐकू नाही आलं. काय म्हणालात?"

फ्लोरीनने वडी बाजूला ठेवली, छाती भरून श्वास घेतला, आणि बुधवारच्या आवाजात, तलावापर्यंत जाईल असं, पुन्हा एकदा सांगितलं.