पिंपातल्या भावंडांची सुधारून वाढवलेली आवृत्ती

लोककथा लोकांची असते आणि तिच्यावर नाव संपादकाचं असतं, ही व्यवस्था आमच्या हेसेन प्रांतात सर्वांना मान्य होती. मलाही मान्य होती, कारण संपादक मी होतो. मी बिंडेवाल्ड, कास्सेलच्या दरबारी ग्रंथालयातला दुय्यम सहायक. हाताखाली कुणी नाही, डोक्यावर सगळे. अशा माणसानं संध्याकाळी घरी बसून राष्ट्राचा आत्मा गोळा करायचा असतो, त्याप्रमाणे मी तो करत होतो.

माझ्या संग्रहातली मुख्य कथा म्हणजे 'पिंपातली भावंडं'. ती एका निरक्षर, सुरकुतलेल्या शेतकरीणबाईच्या तोंडून जशीच्या तशी टिपून घेतली, असं मी प्रस्तावनेत लिहिलं होतं. प्रत्यक्षात ती औषधवाल्याची मुलगी माल्विना हिनं मनुक्यांचा केक खाता खाता सांगितली. तिला सुरकुत्या मी घातल्या. शास्त्राची तेवढी गरज होती.

कथा साधी. दुष्काळाचं साल असतं. आई दोन्ही मुलांना पिठाच्या रिकाम्या पिंपात बसवते, त्यांचे मुके घेते आणि पिंप फुल्डा नदीत ढकलून देते. आपल्याकडे खायला नाही, खालच्या अंगाला कुणाकडे तरी असेल, एवढाच तिचा विचार. पिंप एका जलराक्षशिणीच्या गिरणीला जाऊन अडकतं. मुलं तिला फसवतात, पीठ घेऊन घरी येतात आणि आईला भाकर करायला सांगतात.

पहिली आवृत्ती विकली गेली नाही. प्रकाशक क्रूगहोफर यांनी मला दुकानात बोलावून घेतलं.

"बिंडेवाल्डसाहेब, नाताळात दुकानात आया येतात. पहिलं पान वाचतात, पुस्तक मिटतात आणि समोरच्या दुकानातून लाकडी घोडा घेतात. आई असं करत नाही हो."

"उपासमारीत करते."

"उपासमारीत करत असेल. नाताळात करत नाही."

मी तत्त्वाचा माणूस आहे, म्हणून विचार करायला एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या आवृत्तीत 'सदर मातेच्या ठिकाणी सावत्र माता वाचावी' अशी दुरुस्ती झाली. मुके अर्थातच गाळले. आवृत्ती हातोहात खपली आणि लोकांच्या ओठावरचं मूळ रूप आता कुठे सापडलं, असं प्रस्तावनेत नमूद करण्यात आलं.

याच सुमारास माझं दुसरं लग्न झालं. पहिली बायको तापानं गेली तेव्हा माझी मुलगी येटशेन चार वर्षांची होती आणि मुलगा वेल्टेन सहाचा. ओटिलिए घरात आली ती दबकत, पाहुण्यासारखी. येटशेनच्या वेण्या घालायला तिला परवानगी मिळाली, मग भाकरीला लोणी लावून द्यायलाही मिळाली. मुलीनं एकदा 'आ' म्हणून तोंड मिटलं, तर ओटिलिए त्या अर्ध्या हाकेवर आठवडाभर खूश होती. मीही होतो. त्या मुलांना पुन्हा आई मिळावी, यापलीकडे मला काही नको होतं.

मग नाताळ आला आणि मी मुलांना माझंच पुस्तक भेट दिलं. लेखक फुकटच्या प्रतीचं दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी येटशेननं भाकर ताटात परत ठेवली. त्या आठवड्यात ओटिलिएनं पिंपवाल्याकडून पिठासाठी नवं पिंप आणवलं. ते दारातून आत येताना पाहिलं आणि दोन्ही मुलं माळ्यावर जाऊन बसली. खाली यायला तयार होईनात.

"अहो," ओटिलिए पिंपाच्या कडेला टेकून म्हणाली, "मला एक सांगा. तुमच्या गोष्टीत घरात बाप आहे ना?"

"आहे."

"मग पिंप ढकलताना तो कुठे होता?"

"त्याबद्दल परंपरा मौन बाळगते."

"परंपरेला म्हणावं, तोंड उघड. मी दोन वाडगे रस्सा माळ्याच्या शिडीवर ठेवून आलेय. कुणी शिवलं नाही. वेल्टेन वरून म्हणतो, आधी तुम्ही खाऊन दाखवा."

तिसऱ्या आवृत्तीत पिंप बापानं ढकललं. क्रूगहोफर यांनी ती छापण्याआधीच परत केली. "आया पुस्तक निवडतात हे खरं," ते म्हणाले, "पण पाकीट कुणाच्या खिशात असतं?"

तेव्हा कुणा माणसाला दोष देण्यापेक्षा नदीला द्यावा, असं मी ठरवलं. दुष्काळ पडतो, मग पूर येतो आणि मुलांना पिंपासकट घेऊन जातो. यात कुणाच्या भावना दुखावण्याचं कारण नव्हतं. पण हस्तलिखित सेन्सॉरकडे गेलं. सेन्सॉर लोट्ससाहेब अत्यंत सौजन्यशील होते. त्यांनी मला खुर्ची दिली.

"दुष्काळ कुठल्या राज्यात पडलाय?"

"गोष्टीतल्या."

"त्या राज्यात फुल्डा वाहते. म्हणजे ते आपलंच. आपल्याकडे पीक समाधानकारक असल्याचं राजपत्रात आलंय. तुम्ही वाचत नाही का?"

"मग दुष्काळ काढतो. पूर राहू द्या."

"नदी सरकारी आहे, बिंडेवाल्ड. सरकारी नदी प्रजेची मुलं विनापरवाना कशी नेईल?"

मी नदी मागे घेतली. जलराक्षशिणीनं मुलं पळवली असं लिहिलं, तर पाद्रीबुवा घरी आले आणि ख्रिस्ती घरात असली अंधश्रद्धा शोभते का, असं विचारून दोन पेले वाइन पिऊन गेले. राक्षशीण काढून नुसता गिरणीवाला ठेवला, तर गिरणीवाल्यांच्या संघाचे दोन धिप्पाड प्रतिनिधी ग्रंथालयात येऊन माझ्या टेबलाजवळ उभे राहिले.

इतकं झाल्यावर मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं विचार केला. जो पुस्तक विकत घेत नाही, ज्याचा संघ नाही, सेन्सॉरच्या कचेरीत ज्याचा मामा नाही, असं गोष्टीत कोण उरतं? उत्तर पहिल्यापासून शीर्षकातच होतं.

नव्या आवृत्तीत भावंडं हट्टी आहेत. पिठात हात घालू नका असं सांगूनही ती पिंपात उतरतात, दंगा करतात आणि पिंप आपणहून नदीत गडगडतं. आईवडील काठावर रडतात. गिरणीवाला सज्जन असतो, तो मुलांना चार खडे बोल सुनावून घरी पोचवतो. मुलं गुडघे टेकून क्षमा मागतात. सरकारी नदी संथ वाहत राहते.

एकही तक्रार आली नाही. लोट्ससाहेबांनी स्वतःच्या नातवंडांसाठी प्रत मागवली. पाद्रीबुवांनी गोष्ट प्रवचनात घेतली. ओटिलिएनं ती वाचली आणि म्हणाली, "चला, सुटले मी एकदाची."

नवी प्रत मी माळ्यावर पोचवली आणि घरातही फरक पडला. मुलं माळ्यावरून उतरली ती कायमची. मातीनं भरलेले बूट बाहेर काढू लागली, दूध सांडलं तर न सांगता पुसू लागली. एका संध्याकाळी येटशेननं ओटिलिएच्या हातून भाकर घेतली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "थँक्यू, आई." ओटिलिएला रडू आलं. मला तर संपादनाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मग येटशेन माझ्याकडे वळली. "बाबा, पहिली आई गेली तेव्हा आम्ही काय केलं होतं?"

"काही नाही गं. तिला ताप आला होता."

"ते कळलं. पण आम्ही काय केलं होतं?"

"मी सांगितलंय तिला," वेल्टेन ताटातून मान वर न करता म्हणाला. "आई झोपली होती आणि मी बूट वाजवत आत गेलो होतो. या आईच्या वेळेला नाही करणार."

ओटिलिएनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पोरांना जवळ घेऊन ताप म्हणजे काय, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. छापलेल्या बापापुढे बोलणाऱ्या बापाचं काय चालणार?

सकाळी मी क्रूगहोफर यांचं दुकान उघडायच्या आधी दारात उभा होतो. गोष्ट मागे घ्या, म्हणालो.

"तक्रार कुणाची?"

"मुलांची."

"मुलांची तक्रार आजवर आलेली नाही," ते म्हणाले, आणि खरंच आलेली नव्हती. "पुढची आवृत्ती छापखान्यात आहे."

त्यानंतर किती आवृत्त्या निघाल्या, ते मी विचारत नाही. तुमच्याही घरी एक असेलच, रंगीत चित्रांची. रात्री तुम्ही ती वाचून दाखवता, मूल काही न बोलता भिंतीकडे तोंड करून निजतं, आणि तुम्ही दिवा मालवून बाहेर येऊन सांगता की गोष्ट आवडली त्याला.